बिनविरोध

ग्रामसेवकाच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे: बिनविरोध. त्याचा सख्खा भाऊ 'सर्वानुमते'. 31 वर्षं नोकरी झाली, 6 गावं झाली, प्रोसिडिंगच्या वह्या किती भरल्या त्याची गणती नाही. हाताला वळणच पडून जातं. 'सूचक श्री. अमुक, अनुमोदक श्री. तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.' सभेत खरोखर काय झालं याच्याशी त्या वाक्याचा संबंध असतोच असं नाही. कधीकधी तर सभाच झालेली नसते. कोरम नाही म्हणून तहकूब करायची, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घेतली असं दाखवायचं, आणि सह्यांसाठी शिपायाला वही घेऊन घरोघर पाठवायचं. आता निवृत्त झालोय, पेन्शन सुरू आहे, म्हणून एवढं लिहायचं धाडस करतो.

9 ऑक्टोबर 2024. नवरात्रातली सातवी माळ. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये दांडिया रंगात आलेला, खिडकीची काच थरथरतेय, आणि मी कानांत इयरफोन कोंबून न्यूयॉर्कमधलं मतदान बघत बसलो होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवी हक्क परिषदेची निवडणूक होती. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मालिकांची वेळ. "या वयात लोक कीर्तनं ऐकतात," असं म्हणून बायको दुसऱ्या खोलीत टीव्ही बघायला निघून गेली.

तिला कसं सांगणार, पण मला त्या सभागृहात अगदी घरच्यासारखं वाटतं. हिरव्या संगमरवराची भिंत, 193 देश, सहा भाषांतले दुभाषे, सगळा थाट वेगळा. पण काम आपलंच. मतपत्रिका वाटतात, सभासदांनी जागा सोडू नये अशी विनंती होते (आणि ते सोडतात), पेट्या फिरतात, मोजणीला चार देशांची माणसं बसतात, तोवर बाकीचे घोळका करून गप्पा मारतात. फक्त चहाची किटली फिरत नाही.

त्या दिवशी 18 जागा होत्या आणि 19 उमेदवार. म्हणजे अख्ख्या जगातून एकाच देशाला पडायचं होतं. आफ्रिका, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका, पश्चिम युरोप, या सगळ्या गटांनी जागा तेवढीच नावं दिलेली. चुरस होती ती फक्त आपल्या आशिया-पॅसिफिक गटात: जागा 5, नावं 6. थायलंड 177, सायप्रस 167, कतार 167, दक्षिण कोरिया 161, मार्शल बेटं 124. आणि सौदी अरेबिया 117.

मी एकटाच खुर्चीत सरळ होऊन बसलो.

मार्शल बेटं म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. आमच्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं बाजाराच्या दिवशी असतात. प्रशांत महासागरात सांडलेले ठिपके. 1946 ते 1958 या काळात अमेरिकेनं तिथं 67 अणुचाचण्या केल्या. बिकिनी हे त्यातलंच एक बेट. माणसं उठवली, परत आणली, पुन्हा उठवली. गंमत म्हणजे 2006 साली ही परिषद स्थापन करायचा ठराव आला तेव्हा ज्या चारच देशांनी विरोधात मत दिलं, त्यांत अमेरिका आणि इस्रायलबरोबर हे मार्शल बेटंही होतं. पुढं याच चिमुकल्या देशानं अण्वस्त्रं बाळगता म्हणून भारताला, पाकिस्तानला आणि ब्रिटनला हेगच्या न्यायालयात खेचलं होतं. 2016 साली अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा निकाली निघाला, पण खेचलं तर खरं. असल्या माणसाला आमच्याकडे 'आगाऊ' म्हणतात. ग्रामसभेत असा एक तरी आगाऊ असावा लागतो.

तेलाच्या राज्याला या ठिपक्यानं सात मतांनी पाडलं. सकाळी पेपरात शोधायचं ठरवून झोपलो. पण त्याच रात्री उशिरा रतन टाटा गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. तेही बरोबरच होतं.

हा नाद मला लागला तो लेकीमुळं. 2019 साली ती पुण्यात वकिली शिकत होती. कॉलेजात संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा भरवतात, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक देश येतो. हिच्या वाट्याला आला कोस्टारिका. त्या सुमारास मी विधानसभेच्या निवडणुकीच्या ड्युटीत, मतदान यंत्रांच्या प्रशिक्षणाला रोज तालुक्याला जायचो. रात्री फोन आला, "बाबा, समोर दोनच उमेदवार आणि दोनच जागा असतील, तर निवडणूक होते का?" म्हटलं, "होत नाही. आम्ही फटाके लावतो."

तिथं होते, असं ती म्हणाली. बिनविरोध असलं तरी निम्म्याहून अधिक, म्हणजे 97 मतं मिळवावीच लागतात. पण समोर कोणीच नसेल तर ती मिळतातच. लॅटिन अमेरिकेच्या गटात दोन जागांना ब्राझील आणि व्हेनेझुएला अशी दोनच नावं होती. व्हेनेझुएलात सुरक्षा दलांनी माणसं घरातून ओढून काढून मारल्याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बॅचेलेट यांनी त्याच वर्षी जुलैत दिलेला. ज्यांच्यावर अहवाल, तेच सभासद होणार. मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना कोस्टारिकानं अर्ज भरला. ज्या देशानं 1948 सालीच आपलं सैन्य मोडीत काढलं तो देश.

हरला. ब्राझील 153, व्हेनेझुएला 105, कोस्टारिका 96. सभागृहात टाळ्या वाजल्या, व्हेनेझुएलासाठी. लेक त्या रात्री फोनवर रडवेली झाली होती. मी तिला माझ्या परीनं समजावलं, की दोन आठवड्यांत उभ्या राहिलेल्या माणसाला 96 मतं पडतात याचा अर्थ ती आधीपासून कुठंतरी पडून होती, फक्त टाकायला पेटी नव्हती. हे मी तेव्हा तिची समजूत घालायला म्हटलं. 2022 साली तेच दोघं पुन्हा समोरासमोर आले: चिली 144, कोस्टारिका 134, व्हेनेझुएला 88. तेव्हा लेकीनंच मला फोन करून माझं वाक्य ऐकवलं.

तर परिषद. जिनिव्हात बसते. 47 देश, तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनदाच. तिच्याआधी 53 देशांचा आयोग होता. त्याची अब्रू जायला पुष्कळ कारणं घडली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते 2003 चं. त्या वर्षी अध्यक्षपद गेलं लिबियाच्या प्रतिनिधीकडं, हुकूमशहा गडाफींच्या लिबियाच्या. अध्यक्ष बिनविरोध करायचा अशी तिथली रीत. अमेरिकेनं यंदा मतदान घ्या म्हणून आग्रह धरला. बाजूनं 33, विरोधात 3, तटस्थ 17. हे 17 कोण, ते मला कुणी समजावून सांगायला नको. हात वर करायची वेळ आली की जी माणसं नेमकी चप्पल शोधायला उठतात, ती.

मग आयोग गुंडाळून परिषद आणली. मत देताना उमेदवार देशाचं मानवी हक्कांबाबतचं काम लक्षात घेतलं जाईल, असं कलम घातलं. कलम चांगलं आहे. पण मतदान गुप्त. लक्षात घेतलं की नाही हे तपासणार कोण? 2010 साली त्याच लिबियाला या नव्या, सुधारित परिषदेवर 155 मतं पडली. आफ्रिकेच्या चार जागांना चारच नावं होती. वर्षही झालं नाही, गडाफींची फौज रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडायला लागली, आणि 1 मार्च 2011 ला त्याच आमसभेनं लिबियाला निलंबित केलं. 155 जणांपैकी एकानंही 'माझं चुकलं' म्हटल्याचं ऐकिवात नाही. गुप्त मतदानाचा हा एक फायदा.

जागा तेवढीच नावं देणं याला तिकडे 'क्लीन स्लेट' म्हणतात. कोरी पाटी. काय शब्द शोधलाय. आपल्याकडे म्हणतात, 'गावबैठक झाली, नावं ठरली.' बैठकीत काय झालं ते विचारायचं नाही. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या होत्या, आठवतं का? पदांसाठी चक्क लिलाव बोलले गेले म्हणून. आमच्या खात्यातल्या लोकांना त्यात लिलावाचं आश्चर्य वाटलं नाही, व्हिडिओ काढू दिला याचं वाटलं. जिनिव्हाच्या खुर्चीचा लिलाव होत नाही, देवाणघेवाण होते. तुम्ही आम्हाला इथं मत द्या, आम्ही तुम्हाला तिथं देतो. 2013 च्या निवडणुकीआधी सौदी आणि ब्रिटनमध्ये असलीच बोलणी झाल्याचे कागद पुढं फुटले. दोघंही निवडून आले होते.

आणि आपण काही वेगळ्या गावचे नाही. 2011 साली आशियाच्या चार जागांना चार नावं ठरली होती: भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि सीरिया. सीरियातल्या दरा शहरात पोरांवर गोळ्या सुरू झालेल्या, आणि आपण त्याच पॅनेलमध्ये. ओरड इतकी झाली की मतदानाला थोडे दिवस राहिले असताना सीरियानं माघार घेतली आणि कुवेत पुढं आला. खूण बघा: कुवेत तयार झाला तेव्हा सीरिया हटला. नुसत्या निषेधाच्या पत्रकानं खुर्ची रिकामी होत नाही, बसायला दुसरं कुणीतरी दारात येऊन उभं राहावं लागतं. 2007 साली बेलारूसच्या वेळी हेच झालं. दोन जागांना स्लोव्हेनिया आणि बेलारूस, ठरल्यात जमा. अगदी शेवटी बोस्निया उभा राहिला आणि दुसऱ्या फेरीत 112 विरुद्ध 72 नं जिंकला. 2016 साली सीरियातल्या अलेप्पोवर त्याचे बॉम्ब पडत असताना रशिया हरला तो क्रोएशियाकडून, 114 विरुद्ध 112. दोन मतं! दोन मतांनी पडलेला सरपंच पाच वर्षं कुणाकुणाकडं संशयानं बघत फिरतो ते मी पाहिलंय. रशियाच्या राजदूतांनी मात्र दिलदारी दाखवली. छोट्या देशांना आंतरराष्ट्रीय राजकारणाचे वारे तेवढे झोंबत नाहीत, ते नशीबवान, अशा अर्थाचं काहीतरी बोलले.

सौदीकडे परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे.

2 ऑक्टोबर 2018 ला सौदी पत्रकार जमाल खाशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत कशासाठी गेले होते? दाखल्यासाठी. लग्न करायचं होतं, आधीचा घटस्फोट झाल्याचा कागद हवा होता. होणारी बायको बाहेर उभी होती. मी आयुष्यभर दाखले दिले. जन्माचा, मृत्यूचा, रहिवासाचा, विधवा असल्याचा, हयात असल्याचा. माणूस दाराशी चपला काढतो, नमस्कार करतो, शिक्का बसेपर्यंत उभाच राहतो, बाहेर कुणीतरी सायकल धरून थांबलेलं असतं. "उद्या या" म्हणून मी किती जणांना परत पाठवलं असेल त्याचा हिशेब वर द्यावा लागेलच. पण दाखल्याला आत गेलेला माणूस परत बाहेर न येणं, त्याचं प्रेतसुद्धा न सापडणं, हे वाचलं तेव्हा मी पेपर घडी करून ठेवला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक ॲग्नेस कॅलामार्ड यांनी अहवालात लिहिलं की हा पूर्वनियोजित खून आहे आणि जबाबदारी सौदी राज्याची आहे. तो अहवाल गेला कुठं? याच परिषदेपुढं. त्या वेळी सौदी परिषदेचा सभासद होता.

2020 साली तो पुन्हा उभा राहिला. चार जागा, पाच उमेदवार. पाकिस्तान 169, नेपाळ 150, चीन 139, उझबेकिस्तानही आत; सौदी 90. करोनाचे दिवस, मी विलगीकरणाच्या याद्या करून रात्री घरी आलेलो. लेक म्हणाली, "बाबा, पडले!" आणि मी, खरं सांगतो, आधी विचारलं, "कोण? सरपंच?"

पण त्या आकड्यांत चीनचे 139 आहेत, आणि ते आत गेले. पाकिस्तान सगळ्यात वर. म्हणून कुणी म्हणेल, आणि माझा एक मित्र नेहमी म्हणतो, की ही सगळी नाटकं आहेत. धुतल्या तांदळासारखा आहे कोण? अमेरिका मनात येईल तेव्हा परिषद सोडते, मनात येईल तेव्हा परत येते. आपण 2018 साली 188 मतं घेऊन गटात पहिले आलो, पेपरात चौकटी छापून आल्या. पाच जागांना पाचच नावं होती हे चौकटीत नव्हतं. 2025 च्या ऑक्टोबरात तर 14 जागांना सगळ्या जगातून मिळून 14 च नावं आली, आपलं धरून. 188 काय आणि 155 काय, समोर कुणी नसताना पडलेली मतं म्हणजे लग्नातला आहेर. प्रेमाचा किती आणि परतफेडीचा किती, कळायला मार्ग नाही. एप्रिल 2022 मध्ये रशियाला परिषदेतून निलंबित करायचा ठराव आला तेव्हा 93 बाजूनं, 24 विरोधात आणि 58 तटस्थ. त्या 58 मध्ये आपण होतो. चप्पल शोधत. लेकीशी त्यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होतो शेजार, तेल, शस्त्रं, सगळं बघावं लागतं. ती म्हणाली, "तुम्ही ग्रामसेवकासारखं बोलताय."

मित्राचा मुद्दा मला खोडून काढता येत नाही. दुष्टाला आत घेतलं की त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, असंही म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. आत गेलेला माणूस लक्ष ठेवू देत नाही, लक्ष ठेवणाऱ्याची बदली करवतो. पण हे विधान जगाला लागू करण्याएवढा माझा अभ्यास नाही, मी गावापुरतं बोलतो.

श्रीलंकेची गोष्ट मात्र मला सोडत नाही. ती मी उशिरा वाचली, लेकीच्या नोट्समध्ये.

2008 साल. तमीळ बंडखोरांशी झालेला युद्धबंदीचा करार सरकारनं वर्षाच्या सुरुवातीलाच मोडीत काढलेला. पांढऱ्या व्हॅन येऊन माणसं उचलून नेत होत्या. 2006 च्या जानेवारीत त्रिंकोमालीच्या समुद्रकिनाऱ्यावर पाच तमीळ विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, ऑगस्टात मुत्तूरमध्ये एका फ्रेंच मदत संस्थेची 17 माणसं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्याचं काम नीट चालतंय का ते बघायला परदेशी मान्यवरांचा गट बोलावला. अध्यक्ष आपले माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती. त्या गटानं 2008 मध्ये काम सोडलं. चौकशी आंतरराष्ट्रीय दर्जाची नाही आणि सरकारची इच्छाच दिसत नाही, असं सांगून. आणि त्याच सरकारला परिषदेवर पुन्हा निवडून जायचं होतं.

डेस्मंड टुटू, जिमी कार्टर, अर्जेंटिनाचे अदोल्फो पेरेझ एस्किव्हेल या तीन नोबेलवाल्यांनी याला मत देऊ नका म्हणून आवाहन केलं. ते मोठी माणसं. मला थक्क केलं ते श्रीलंकेतल्याच मानवी हक्क संघटनांनी. त्यांनी जगभरच्या देशांना लिहिलं, आमच्या सरकारला मत देऊ नका. जरा थांबून विचार करा. त्या देशात, त्या वर्षी, पांढऱ्या व्हॅन फिरत असताना. स्वतःच्या गावाचा उमेदवार पाडा म्हणून तालुक्याला पत्र लिहिणारा माणूस मी नोकरीत एकही पाहिला नाही. घरभेदी, गद्दार, देशद्रोही, सगळी बिरुदं लागतात, आणि रात्री उशिरा घरी येताना मागं बघावं लागतं.

21 मे 2008. सहा उमेदवार, चार जागा. जपान 155, बहरीन 142, दक्षिण कोरिया 139, पाकिस्तान 114. श्रीलंका 101, पडली. इथंही तेच. 101 म्हणजे बहुमताच्या वर. 2024 च्या सौदीचे 117 सुद्धा वरच. मतं कमी नव्हती, समोर कुणीतरी होतं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लेकींना सांगण्यासारखी गोष्ट म्हणून सांगितली असती. पण पुढच्याच मे महिन्यात युद्ध संपलं. उत्तर श्रीलंकेतल्या वन्नीच्या त्या चिंचोळ्या किनारपट्टीवर अडकलेली माणसं, दवाखान्यांवर पडलेले तोफगोळे. शेवटच्या काही महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात, असं पुढं संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञ समितीनं लिहिलं. मार्शल बेटांची लोकसंख्या साधारण तेवढीच आहे, हे मला हे लिहिताना जाणवलं. आणि 27 मे 2009 ला, युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा परिषदेनं विशेष बैठकीत ठराव केला. तो ठराव श्रीलंकेनंच मांडलेला. त्यात बंडखोरांचा निषेध होता, सरकारच्या बांधिलकीचं स्वागत होतं. बाजूनं 29, विरोधात 12, तटस्थ 6. भारत 29 मध्ये. तीन वर्षांनी, 2012 साली, आपण श्रीलंकेला जाब विचारणाऱ्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं. तोवर जे गाडायचं ते गाडून झालं होतं.

खुर्ची गेली होती, पण खुर्चीभोवती बसणारे ओळखीचे होते. मग त्या पत्र लिहिणाऱ्यांनी मिळवलं काय? मी याचं उत्तर बरेच दिवस शोधतोय. सापडतं ते एवढंच की तो ठराव 'सर्वानुमते' नाही. 12 हात विरोधात गेल्याचं त्या वहीत कायमचं लिहिलेलं आहे. हे थोडं आहे की पुष्कळ, हे ज्याची माणसं गेली त्यानं ठरवावं.

त्याच 2009 ची 15 ऑगस्टची ग्रामसभा. गाव सांगत नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली, बक्षिसाची रक्कम दांडगी, वरून रोज विचारणा. समितीला अध्यक्ष हवा होता. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटून झाली, शाळेच्या पटांगणात वडाखाली सतरंजी अंथरली. नाव आलं ते ज्याचं यायचं त्याचंच. दोन ट्रॅक्टर, सोसायटीत वट, दंडाला धरून बोलायची सवय. गावात ज्या माणसाशी सगळ्यात जास्त लोकांचा तंटा होता तो तंटामुक्तीचा अध्यक्ष. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, इथं उंदराला मांजर न्यायाधीश.

माझ्यासमोरच्या फायलीत एका बाईचा अर्ज होता. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, वाट्याला पाऊण एकर. शेजारचा दर नांगरटीला बांध कोरत कोरत हातभर आत आला होता. तंटामुक्त समितीपुढं आपली तक्रार ठेवावी म्हणून तिनं तो रीतसर दिला होता. आवक क्रमांक पडला होता. तो शेजारी म्हणजे आता ज्याचं नाव सुचवलं जात होतं तो.

सरपंचांनी विचारलं, कुणाची हरकत? बायका शाळेच्या ओट्यावर बसलेल्या, त्यांच्यात ती होती. पदर दातात धरून. कुणी बोललं नाही.

चार दिवसांनी ती ऑफिसात आली. "भाऊसाहेब, त्यो माझा अर्ज माघारी द्या."

"का वैनी? मिटलं का?"

"मिटतंय कशाचं. पण आता त्याच्याम्होरं जाऊन त्याचीच तक्रार सांगू व्हय?"

आवक क्रमांक पडलेला कागद परत देता येत नाही. नियम. तसं तिला सांगितलं. मग मीच मार्ग सुचवला, की खाली लिहून द्या, माझी आता काही तक्रार नाही. तिला सहीपुरतं लिहिता यायचं. ते वाक्य मी लिहिलं, तिनं खाली तीन अक्षरं जुळवली. पेनचं टोपण लावून माझ्याकडं दिलं आणि "येते" म्हणून गेली. त्या वर्षीच्या तक्त्यात 'दाखल तंटे' आणि 'मिटलेले तंटे' या दोन रकान्यांत मी तिचा एकेक धरला.

हे मी लेकीला 2024 साली, मार्शल बेटांच्या निकालानंतर फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. खाली दांडिया संपून आवराआवर चालली होती. मग तिनं वकिलासारखं विचारलं, "तुम्हाला मत नव्हतं, मान्य. पण हरकत आहे का असं विचारल्यावर सचिवानं आलेला अर्ज वाचून दाखवायला काही मनाई होती का?"

मी म्हटलं, नियम बघावा लागेल.

"आणि दुसरं नाव कुणाचं आलंच नाही?"

नाही आलं. येणार कसं? समोर वही उघडी होती, सूचक, अनुमोदक, नाव, 'सर्वानुमते मंजूर', सगळं भरलेलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाची धावपळ असते म्हणून ते पान मी 14 ऑगस्टला रात्री घरीच लिहून आणलं होतं.